कोनाड्यातली टोपी

आई, तुझ्या कोनाड्यात पुन्हा एक टोपी येऊन बसली आहे. काळी, मखमली, आतून लाल अस्तर. कुणाची ते मला विचारावं लागलं नाही, कारण ती मीच घेतली होती, पुण्यात दोन दुकानं फिरून, भाव न करता. लेकीच्या लग्नात जावयाच्या डोक्यावर मीच घातली. परवा गुरुवारी सकाळी चहा पिऊन कप ठेवायला मागच्या स्वयंपाकघरात गेलो, कोनाड्याकडे नजर गेली, आणि कप हातातच राहिला.  घरात कुणाला काही बोललो नाही. तुला सांगतो, कारण तो कोनाडा तुझा, आणि त्याचा नियमही तुझा.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता इथली ओळख करून द्यायची तर तुलाच करून द्यावी लागेल. लढाईच्या दिवसांत चिंचवड स्टेशनच्या बाजूला आपण चहाची गादी टाकली, मागं पत्र्याची एक खोली उभी केली, त्या खोलीत पत्त्यांची बैठक बसू लागली, एवढं तू पाहिलंस. खडकीच्या कारखान्यातली माणसं, देहूरोडच्या डेपोतले कारकून, गाडीवान, सगळे यायचे. मी कधी पान हातात धरलं नाही. प्रत्येक डावातून घराचा वाटा काढायचा, त्याला आमच्यात नाल म्हणतात, आणि त्या नालेवर आपली चूल पेटायची. तू गेल्यावर त्या एका खोलीच्या पाच जागा झाल्या. खडकीला एक, देहूरोडला एक, पिंपरीला निर्वासितांच्या छावणीजवळ एक, चाकणला बाजाराच्या तोंडाशी एक, आणि ही जुनी. आता तिला क्लब म्हणतात. दारावर पाटी आहे, रमीची परवानगी चौकटीत लावलेली आहे. आतल्या खोलीत काय चालतं ते चौकटीत लावलेलं नाही. दगडी घर बांधलं, मोटार घेतली, दिघीला जमीन घेतली. शाळेला बाकं दिली. शाळेनं बाकं घेतली, पण त्यांवर नाव घालू का म्हणून विचारलं तर गुरुजी म्हणाले, "राहू द्या हो, मुलांना बसायला नाव कशाला लागतं?" मी हसलो. हसायची मला सवय आहे, धंद्याला ती लागते.

क्लबामागचं आपलं जुनं स्वयंपाकघर मात्र मी जसंच्या तसं ठेवलं. चुलीच्या वर तुझा कोनाडा, त्याच्या उजव्या हाताला माझ्या टोपीची खुंटी. त्या पहिल्या बाईची आठवण मला अजून आहे. पुनावळ्याकडची होती, पदराखाली हात लपवून मागच्या दाराशी उभी. तू भाकरी थापत होतीस. ती म्हणाली, "आमच्यांना आत घेत जाऊ नका." तू विचारलंस कोण तुमचे, तर तिनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव कशी घेणार? गोरे आहेत म्हणाली, मग म्हणाली उंच आहेत, मग रडायलाच लागली. तू हात धुतलेस, तिच्यापुढं गूळ-पाणी ठेवलंस आणि म्हणालीस, "नाव घिऊ नगं बाई. त्याची टोपी घिऊन ये." दुसऱ्या दिवशी तिनं टोपी आणली, तू ती कोनाड्यात ठेवलीस, आणि दारावरच्या माणसाला दाखवलीस. संध्याकाळी तो उंच गोरा माणूस उघड्या डोक्यानं आला, तेव्हा त्याला बाहेर चहा मिळाला, जागा मिळाली नाही.

मग बाया यायलाच लागल्या. कोनाड्यात टोपी असेतोवर त्या माणसाला आत बसू द्यायचं नाही, आणि जिनं आणली तिनंच ती परत न्यायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका ड्रायव्हरनं नवी टोपी घेतली, त्याच्या बायकोनं तीही आणली. त्यानं आणखी एक घेतली, तीही आली. तू म्हणालीस, "ह्याच्या बायकुला आता टोप्यांचं दुकान टाकाया सांगा." मी मात्र एकदा चिडलो होतो. म्हटलं, आई, अशानं गिऱ्हाईक तुटेल. तू तव्यावरची भाकरी उलटलीस, माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "तुटू दे. तू म्होरनं आत घेतूस, मी मागनं भायेर काढते. दोघांचंबी चालू दे." गिऱ्हाईक तुटलं नाही हे तुला ठाऊक आहे. उलट लोक म्हणू लागले, हा अड्डा घरंदाज आहे. तुझ्या नियमामुळं माझा धंदा वाढला, याचं मला कधी हसू येतं, कधी नाही.

तू गेल्यावर कोनाडा हिनं, तुझ्या सुनेनं, सांभाळला. आता पोरं टोप्या घालत नाहीत. बाया डब्याचं झाकण आणतात, कंगवा आणतात, एकीनं चपलेचा एकच पाय आणला होता. नियम तोच. भोसरीचा एक पैलवान दारावर असतो, तो बैठक सुरू व्हायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावतो, वस्तू बघतो, कुणाची ते तुझी सून त्याला सांगते. गुरुवारपासून तो रोज विचारतो, "मालक, मखमली टोपी हाय. कुनाची?" मी रोज म्हणतो, सांगतो. ही पदराला हात पुसत दुसरीकडे बघते. तिला माहीत आहे. लेक आली तेव्हा ही चुलीपाशीच होती.

लेकीबद्दल सांगायला हवं. तू तिला पाहिलंस तेव्हा ती तुझ्या मांडीवर बसून पिठाच्या चिमण्या करायची. तिचं लग्न जमवताना मी जेवढा दमलो तेवढा आयुष्यात कशानं दमलो नाही. मुलगी पसंत, शिक्षण पसंत, पत्रिका जुळलेली, आणि शेवटी निरोप यायचा की मुलाला एवढ्यात करायचं नाही. माझे कान तुला माहीत आहेत. चऱ्होलीच्या एका घरी आम्ही पायऱ्या उतरत होतो आणि आत कुणीतरी हळूच म्हणालं, "हुंडा देईल हो, पण कुणाचा देईल?" बाकीच्यांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी मोटारीत बसेपर्यंत हसत होतो. मग हा मुलगा मिळाला. नगरकडचा, आईबाप नाहीत, मामाकडे वाढलेला. पिंपरीला औषधाचा जो नवा कारखाना झाला त्यात कामाला. पाहायला आला तेव्हा मला सरळ म्हणाला, "तुमचा व्यवसाय मला ठाऊक आहे. मला मुलगी आवडली." मी विचारलं, पत्ते खेळता? म्हणाला, "नाही. आणि पुढंही नाही." त्याच्या आवाजात कुठं चीर नव्हती. मी ही टोपी घेतली ती त्या आवाजासाठी.

मला मुलगा नाही, आई. दमा आहे, हिवाळ्यात जिना चढवत नाही. पाच ठिकाणचा कारभार, पन्नास माणसांची चूल, आणि माझ्यामागं कोण? भाचे आहेत, ते नाल काढताना दोन बोटं जास्त आत घालतात हे मी पाठ फिरवूनही ऐकतो. म्हणून दिवाळीला जावयाला जवळ बसवलं आणि म्हटलं, नोकरी सोडा, चाकणपासून सुरुवात करा, हे सगळं तुमचंच आहे. तो म्हणाला, "विचार करतो, मामा." लेक पलीकडे फराळाची ताटं मांडत होती. ताटांचा आवाज थांबला. ते मी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं.

म्हणून गुरुवारी ती टोपी दिसली तेव्हा मला एकच सुचलं, जे माझ्यासारख्याला सुचायचं. जावई खेळायला लागला. त्याशिवाय कोनाड्यात टोपी येतेच कशाला? मी मोटार काढली. देहूरोडला विचारलं, खडकीला विचारलं. सरळ विचारता येत नव्हतं, आपल्याच जावयाची चौकशी आपल्याच नोकरांपाशी कशी करायची? म्हणून हसत हसत म्हणायचो, "काय रे, कुणी पाहुणेमंडळी येऊन गेली का?" चाकणचा माणूस म्हणाला, "तुमचे पाव्हणे हितं कशाला येतील, मालक? त्यांना बसायचं तर घरी बसतील." त्यात टोमणा होता की नाही ते मला ठरवता येईना. परत येताना वाटलं, माझ्या जागांवर नाही तर दुसऱ्याच्या अड्ड्यावर जात असेल. मग तर नालही दुसऱ्याच्या घरी. आणि पाठोपाठ माझीच मला लाज वाटली, की पोरगी संकटात आहे आणि मी नाल कुणाच्या घरी जाते याचा विचार करतोय.

काल, शुक्रवारी, पाळी सुटायच्या वेळी मी कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. सायकलींचा लोंढा आला. हा उघड्या डोक्यानं, बाहीला कसल्याशा औषधाचा वास. मला बघून घाबरला.

"मामा, तुम्ही? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. इकडं काम होतं. डोक्यावर टोपी नाही ती?"

"कामावर कोण घालतं? आत कापडी टोपी देतात, ती तिथंच ठेवायची."

"आणि आपली मखमली?"

"ट्रंकेत असेल. का, कुणाचं लग्न निघालं का?"

मी कान लावून होतो, आई. त्याचा आवाज स्वच्छ होता. त्याला टोपी गेलेलीच माहीत नव्हती. तरी विचारलं, जावईबापू, पत्ते कधी खेळता का? तो मोठ्यानं हसला. आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं. "लग्नाआधी विचारलं होतंत तेव्हाही नाही म्हणालो होतो. आता मात्र शिकावं लागेल, नाही का? मालकाला डाव कळायला नको?" मग सायकल माझ्याजवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, "राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी देतो. त्याआधी रविवारी क्लबात येऊन बसतो, सगळं बघून घेतो. तिला अजून बोललो नाही. एकदम आनंद देऊ."

तू कधी बैठकीत आली नाहीस, म्हणून सांगतो. तीन पत्तीत माणूस पहिली दोन पानं बघतो आणि तिसरं हळूहळू सरकवतो. त्या वेळी त्याचा श्वास आत अडकतो आणि तसाच तो बोलायला लागला तर आवाज थोडा वर चढलेला असतो, खुशीनं. मी पडद्यामागं बसून हा आवाज हजारांच्या तोंडून ऐकला आहे. हा आवाज आला की मी मनात म्हणायचो, हा आता उठत नाही. काल फाटकाबाहेर, सायकलच्या दांडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या, एकही पान न शिवलेल्या त्या पोराच्या तोंडून तो आवाज आला. मी म्हटलं, या, रविवारी या. आणि मोटारीत बसून राहिलो. ड्रायव्हर विचारायला लागला, बरं वाटत नाही का मालक.

आज सकाळी लेकीकडे गेलो. तांदूळ निवडत होती. मला पाट दिला, पाणी दिलं, पुन्हा सूप हातात घेतलं. मी म्हटलं, "टोपी तू ठेवलीस?"

"हो, दादा."

"अगं, तो खेळत नाही. मी चार ठिकाणी विचारून आलो."

"खेळतात असं मी कुठं म्हटलं?"

"मग टोपी कशाला?"

"आत घेऊ नका म्हणून. आजीचा नियम तोच ना?"

"वेडी आहेस का? त्याला खेळायला घेत नाहीये मी. मालक म्हणून घेतोय."

"तेच," ती म्हणाली.

मी तिला जमीन सांगितली, दमा सांगितला, भाचे सांगितले. म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठीच केलं. तिनं खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. "खेळणारा कधी तरी हरतो आणि घरी येतो, दादा. तुम्ही कधी उठून घरी आलात? मी लहानपणी पलीकडच्या खोलीतून हाका मारायचे. क्लबात कुणाचं पान कुठं पडलं ते तुम्हाला ऐकू यायचं." तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. ती सूप पाखडत होती. मग म्हणाली, "मी त्यांना सांगितलं तर म्हणतील, तुझ्या वडिलांचा अपमान कसा करू? म्हणून तुमच्याकडं आले. तुमच्या दारावर तुमचंच चालतं."

उद्या रविवार. आई, तू असतीस तर मी तुला काय विचारलं असतं ते मला नीट मांडता येत नाही. ज्याची टोपी त्याच्या बायकोनं आणली, नियम पाळायचा, हे सोपं आहे. पण पाळला तर पाच जागा भाच्यांच्या, नाहीतर कुणाच्याही. इतकी वर्षं मी जे उभं केलं ते घ्यायला माझ्या पोटची पोर नको म्हणते, आणि घ्यायला जो हात पुढं करतो त्याचा आवाज मला भीती घालतो. आणि टोपी मी उचलून हिच्या पेटीत टाकली, तर पैलवान उद्यापासून विचारणार नाही. कुणीच विचारणार नाही. एवढं सोपं आहे, म्हणून झोप येत नाही.

काल इथवर लिहून थांबलो होतो. आज रविवार, दिवेलागण होऊन गेली आहे.

दुपारी पैलवान स्वयंपाकघरात डोकावला आणि मागच्यासारखंच म्हणाला, "मालक, ती मखमली?"

"जावयाची."

"आपल्या?"

"आपल्या."

तो जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. "मग काय करू म्हनता?"

"बाकीच्यांचं काय करतोस?"

"भायेर चा पाजतो. म्हनतो, आज जागा न्हाई."

"तेच कर."

ऊन कलल्यावर मी पडद्यामागं माझ्या जागी जाऊन बसलो. बैठक भरत होती. नवे पैसे आल्यापासून नाण्यांचा आवाज पातळ झाला आहे, माझ्या कानांत तो अजून बसत नाही. पत्त्यांचा कॅट पिसला जात होता आणि मला त्यातलं एकही पान ऐकू येत नव्हतं. मग बाहेर सायकल स्टँडवर चढली.

"काय पैलवान, आज गर्दी दिसते."

"बसा जावईबापू. चा घ्या."

"चहा नंतर. मामा आत आहेत ना? पेढे आणलेत."

"हायेत. तुमी चा घ्या."

"अहो, आत जातो आधी."

"आज जागा न्हाई."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. "मला बसायला जागा नको हो. मी खेळायला नाही आलो."

"ठावं हाय. जागा न्हाई."

तेवढ्यात आत कुणी तरी डाव जिंकला, ओरडाआरडा झाला, तो शमेपर्यंत मी हाताची मूठ मांडीवर दाबून धरली. उठायला हवं होतं. जावयाला दारात थांबवून चहा पाजणारा सासरा मी कुठं ऐकला नाही. मग त्याचा आवाज आला, आता तो खाली आला होता, नेहमीचा.

"मामांना हे माहीत आहे का?"

पैलवानाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर मी त्याला दारावर ठेवला. तो म्हणाला, "त्यांस्नी समदं ऐकू येतं."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. चहा प्यायला की नाही ते कळलं नाही. सायकल स्टँडवरून उतरली, आणि चाक कुठल्या बाजूला वळतं ते मी ऐकत राहिलो. खडीवरून डावीकडे, त्याच्या घराकडे. सोमवारी तो राजीनामा देतो की नाही, मला ठाऊक नाही. आता तो माझ्याशी बोलेल की नाही, तेही नाही. ही पेढ्यांचा पुडा आत घेऊन आली, एक माझ्या हातावर ठेवला आणि चुलीपाशी गेली. टोपी कोनाड्यातच आहे. लेक ती न्यायला कधी येईल, येईल की नाही, तिचं तिला माहीत.

हे कागद उद्या सकाळी बंबात जातील, पाणी तापेल. पण जळायच्या आधी एक लिहून ठेवतो. पहिल्या वर्षी, तुझ्या कोनाड्याचा नियम नुकता सुरू झाला होता तेव्हा, मी रोज मागच्या दारानं यायचो, टोपी काढायचो आणि तुझ्या हातात द्यायचो. खुंटी माझ्या हाताला येत होती, आई. तरी तुझ्या हातात द्यायचो, आणि पाठमोरा होऊन, चप्पल शोधतोय असं दाखवत, तू ती कोनाड्यात ठेवतेस की खुंटीला लावतेस ते ऐकत राहायचो. तू दर वेळी ती खुंटीलाच लावलीस.